पांढरं ते सगळं चांदी नव्हे

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. फराळ झाल्यावर ती आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हे बघ रे जरा. यांचे कॅसिनोचे डॉलर. सगळे चांदीचे आहेत. तिघा नातवंडांना सारखे वाटून टाकावेत म्हणते."

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, १९७४ साली नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेले आणि वीसेक वर्षं तिथे राहिले. सुट्टीला डोंगर ओलांडून नेवाडात, रीनोला किंवा लास व्हेगासला, त्यांची चक्कर व्हायची. जुगाराचा नाद त्यांना नव्हता. ठरवलेली रक्कम संपली की उठायचं, आणि उठताना एक टोकन खिशात ठेवून आणायचं, एवढीच हौस. अशी ३७ नाणी त्या डब्यात होती. काका गेल्यापासून डबा कपाटात पडून होता.

मला जुन्या नाण्यांचा छंद आहे हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. आणि मी, खरं सांगायचं तर, पहिल्या पाच मिनिटांत दोन चुका केल्या. त्या चुकांतून जे मत तयार झालं ते आज लिहितो आहे. मत साधं आहे: टोकन कोणत्या धातूचं आहे हे रंगावरून कधीही सांगू नये, आणि ते शोधताना टोकनाला ओरखडासुद्धा पडू देऊ नये. ज्यांना हे उघड वाटतंय त्यांनी एकदा जुन्या नाण्यांच्या कुठल्याही विक्रीत जाऊन बघावं, किती पांढऱ्या चकत्यांवर 'चांदी' अशी चिठ्ठी असते ते.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेवाडात जुगार १९३१ साली कायदेशीर झाला. पुढे कित्येक वर्षं तिथल्या कॅसिनोंत सरकारी चांदीचा डॉलरच चालायचा. ३८.१ मिलिमीटर व्यास, २६.७३ ग्रॅम वजन आणि ९० टक्के चांदी. साठच्या दशकात चांदीचा भाव चढला, लोक हे डॉलर साठवू लागले, आणि मार्च १९६४ मध्ये अमेरिकेच्या खजिन्याने ते देणं थांबवलं. कॅसिनोवाल्यांची पंचाईत झाली. यंत्रं तर डॉलरच्या मापाची, आणि डॉलर मिळेना! मग १९६५ पासून कॅसिनोंनी स्वतःची टोकनं पाडून घ्यायला सुरुवात केली. ती पाडून देण्यात जोसेफ सीगल यांची फ्रँकलिन मिंट ही खासगी टांकसाळ आघाडीवर होती.

म्हणजे टोकनाचा जन्मच मुळी चांदी परवडेना म्हणून झाला. हे एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी निम्मे गैरसमज टळतील. यंत्रात रोज हजारो वेळा पडणारी, गिऱ्हाइकाने खिशात घालून नेली तरी मालकाचं नुकसान होऊ नये अशी ती वस्तू. ती चांदीची का असेल?

पण गोंधळ व्हायलाही कारणं आहेत, आणि त्यातलं पहिलं कारण नावातच आहे. टोकनांसाठी फार वापरला गेलेला एक मिश्रधातू म्हणजे निकेल सिल्व्हर, ज्याला जर्मन सिल्व्हरही म्हणतात. यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालासुद्धा नसते! नुसता रंग चांदीसारखा म्हणून नाव मिळालं. आपल्याकडे तर आणखी गंमत. माझी आजी 'जर्मनचं पातेलं' म्हणायची ते ॲल्युमिनियमचं, आणि पूजेच्या दुकानात 'जर्मन सिल्व्हरचं ताम्हन' मिळतं ते वेगळंच. एका नावाखाली तीन धातू, आणि तिघेही पांढरे.

दुसरं कारण असं की खरी चांदी असलेलीही काही आहेत. फ्रँकलिन मिंटने संग्राहकांसाठी स्टर्लिंग चांदीत, म्हणजे ९२.५ टक्के, कॅसिनोंची नाणी काढली होती. मग १९९२ मध्ये लास व्हेगासच्या फोर क्वीन्स कॅसिनोत 'सिल्व्हर स्ट्राइक' नावाचा प्रकार आला. यंत्रात ठरावीक चित्रं जुळली की प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद केलेलं दहा डॉलरचं मोठं टोकन बाहेर पडायचं. मधला भाग .९९९ शुद्ध चांदीचा, बाहेरची कडा पितळेची. चांदी साधारण ०.६ ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे १८.७ ग्रॅम. पुढे निघालेल्या सगळ्याच स्ट्राइकमध्ये मात्र शुद्ध चांदी नाही. नाव तेच, रूप तेच. त्यामुळे नाव न वाचता नाण्यावर .९९९ चा शिक्का आहे का ते आधी वाचायचं.

आता माझ्या चुका.

पहिली चूक म्हणजे आत्याला तिथल्या तिथे "हो, असतील काही चांदीची" असं म्हणालो. मोठ्या माणसाचं मन राखायला म्हटलं. ती खूश झाली, आणि संध्याकाळपर्यंत तिने दोन सुनांना फोन करून सांगूनही टाकलं. शिवाय "छान दिसावीत" म्हणून एक टोकन चिंच आणि मीठ लावून घासलं. ते लख्ख झालं खरं, पण उंच भागावरचा मुलामा निघून खालचा पिवळसर रंग वर आला. मुलामा कुठे झिजला आहे आणि कुठे टिकला आहे हा तर ओळखण्याचा मोठा पुरावा असतो. तो चिंचेबरोबर वाहून गेला.

दुसरी चूक जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी पाचेक टोकनं घेऊन ओळखीच्या एका सराफाकडे गेलो. मी "बघा हो" म्हणायचा अवकाश, त्यांनी कानस घेऊन एकाच्या कडेला घासलीसुद्धा आणि वर तेजाबाचा थेंब टाकला. हिरवा फेस आला. "चांदी नाही," ते म्हणाले आणि टोकन परत दिलं. निकाल बरोबर होता. पण त्या टोकनाच्या कडेला आता एक खाच आणि एक काळपट डाग आहे, तो कायमचा. त्यांचा काय दोष? सराफासाठी ती मोड होती. माझ्यासाठी ती मोड नव्हती, हे मी आधी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या एका दुकानात कॅरेट मशीन होतं. तिथे ओरखडा नाही, डाग नाही, मिनिटात पडद्यावर आकडे. मी निश्चिंत झालो. आत्याने घासलेल्या टोकनाची मागची, न घासलेली बाजू ठेवली तर मशीनने चांदी ठळक दाखवली! क्षणभर मीही हुरळलो. पण हे मशीन क्ष-किरणांनी वरचा अगदी पातळ थर तेवढा वाचतं. वर चांदीचा मुलामा असेल तर ते मुलाम्याबद्दल खरं बोलतं, आतल्या धातूबद्दल काहीच बोलत नाही. मशीन खोटं बोललं नाही, मी प्रश्न चुकीचा विचारला होता.

घरी आलो आणि ठरवलं, आता घाई नाही. एकेक टोकन, एकेक वही-ओळ. जे करत गेलो ते लिहितो, कुणाच्या कपाटात असा डबा असेल तर उपयोगी पडेल.

आधी बघणं. भिंग घेऊन कड आणि उंच भाग बघायचे. मुलामा असेल तर तिथेच पहिल्यांदा उघडा पडतो. कडेवर तांब्याची लाल रेघ दिसली तर ते बहुधा टोकन नव्हे, अमेरिकेचं सरकारी नाणं असतं. कारण नेवाडाच्या नियमात तांब्याच्या गाभ्यावर दोन्हीकडून तांबे-निकेलचे पत्रे, असा तीन थरांचा माल टोकनासाठी चालत नाही. सरकारी नाणी तशीच बनतात ना! आमच्या डब्यात अशी दोन निघाली, दोन्ही आयझेनहॉवर डॉलर. १९७१ ते १९७८ मधलं हे नाणं कॅसिनोत खूप चाललं.

मग लोहचुंबक. त्याच नियमात चुंबकाला चिकटणारा धातूही टोकनासाठी चालत नाही. म्हणून नेवाडाचं टोकन चुंबकाला चिकटलं तर काहीतरी गडबड आहे. पण चिकटलं नाही तर? काहीच सिद्ध होत नाही. चांदी चिकटत नाही, पितळ चिकटत नाही, निकेल सिल्व्हर चिकटत नाही. "चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे चांदीच" असं म्हणणारी माणसं मला आजवर किती भेटली असतील! चुंबकाचा खरा उपयोग वेगळा आहे. नाणं तिरकं धरायचं आणि त्यावरून छोटा पण जोरकस निओडायमियम चुंबक घसरवायचा. चांदी विजेची फार चांगली वाहक, त्यामुळे चुंबक सरकू लागला की तिच्यात विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि ते चुंबकाला मागे ओढतात. चांदीवरून तो मधातून घसरावा तसा सावकाश येतो. तांबे-निकेलवरून सटकन खाली. पातळ मुलाम्याने यात फारसा फरक पडत नाही, ही मोठी सोय.

तिसरं, वजन. आयझेनहॉवर डॉलरच घ्या. रोजच्या वापरातला २२.६८ ग्रॅम, संग्राहकांसाठी काढलेला ४० टक्के चांदीचा २४.५९ ग्रॅम. तोच चेहरा, तोच व्यास. आणि त्याच व्यासाचा जुना चांदीचा डॉलर २६.७३ ग्रॅम. डोळ्यांना जे दिसत नाही ते तराजू सांगतो. टोकनांचं मात्र प्रत्येकाचं माप आणि जाडी वेगळी, म्हणून नुसतं वजन पुरत नाही. तिथे आर्किमिडीजला बोलवावं लागतं :)

हे घरी जमतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा तराजू हवा. आधी नाणं कोरडं तोलायचं. मग तराजूवर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. आता जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. चांदी १०.४९, ९० टक्क्यांची सुमारे १०.३, तांबे-निकेल ८.९ च्या आसपास, निकेल सिल्व्हर साधारण ८.६ ते ८.९, पितळ साधारण ८.४ ते ८.७. नाण्याला बुडबुडे चिकटू देऊ नयेत, नाहीतर घनता खोटी कमी दिसते.

मशीनने चांदी दाखवलेलं ते टोकन २२.९० ग्रॅम भरलं. पाण्यातला आकडा २.६७. भागाकार ८.५८. चांदीचा प्रश्न तिथेच मिटला. चुंबकही त्यावरून सटकन घसरला. हीच ती खात्री, जी कानस न लावता मिळाली असती.

आणि आवाज. आपल्या भाषेत तर खणखणीत नाणं म्हणजे खरेपणाची खूणच. पूर्वी व्यापारी रुपया वाजवून घ्यायचे. चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तर आवाज लांब रेंगाळतो. पण हा पुरावा शेवटचा आणि दुय्यम मानावा. जाडी बदलली की आवाज बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात चांदी असेल तर कानही चांदीच ऐकतात. फरशीवर आपटून तर मुळीच बघू नये.

आता जिथे अनेक जाणकारांशी माझे मतभेद होतात तो मुद्दा. ही सगळी तपासणी करूनही काही गोष्टी कळत नाहीत, आणि त्या कळत नाहीत असं वहीत लिहिलं पाहिजे. माझं एक टोकन २३.४० ग्रॅम, पाण्यातला आकडा २.६६. घनता ८.८० आली. आता हे तांबे-निकेल की निकेल सिल्व्हर? पाण्यातल्या आकड्यात ०.०२ ची चूक सहज होते, आणि तेवढ्याने उत्तर ८.७३ ते ८.८६ कुठेही जातं. शेजारी आपला १९७५ नंतरचा तांबे-निकेलचा जुना रुपया ठेवून रंग पडताळला. टोकन किंचित पिवळसर वाटलं. पण 'वाटलं' म्हणजे 'आहे' नव्हे. मी वहीत लिहिलं: पांढरा, तांबेप्रधान मिश्रधातू, चांदी नाही, नेमका ठरला नाही.

यावर एक मित्र हसला. "अरे, अशा यादीचा काय उपयोग? काहीतरी एक लिही की." मला वाटतं उपयोग नेमका इथेच आहे. टोकनं जमवणाऱ्यांच्या लेखी एकाच छापाची पितळी प्रत आणि पांढरी प्रत या दोन वेगळ्या वस्तू असतात. त्यातली एखादी दुर्मीळ असते आणि तिची किंमत त्या एका शब्दावर ठरते. मी अंदाजाने 'निकेल सिल्व्हर' लिहिलं, ते वाचून दुसऱ्याने त्याच्या यादीत लिहिलं, तिसऱ्याने त्या दोघांचा हवाला दिला, की अंदाजाची वस्तुस्थिती झाली. मग ती खोडणार कोण? मोकळी जागा पुढच्या माणसाला निदान शोधायला लावते, चुकीचा शब्द त्याचा शोधच थांबवतो.

डबीतल्या सिल्व्हर स्ट्राइकच्या बाबतीतही असंच. आमच्या डब्यात एक होतं. ते तोलून घनता काढायचा मोह झाला, पण त्यासाठी डबी फोडावी लागली असती. आणि फोडून काय मिळालं असतं? चांदी आणि पितळ मिळून आलेली सरासरी, जी दोन्हींपैकी कशाचंच खरं सांगत नाही. .९९९ चा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. डबी बंदच ठेवली.

"एवढा खटाटोप कशाला, जुगाराच्या यंत्रातली मोड ती," असंही कुणी म्हणेल. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅसिनोतली यंत्रं छापील तिकिटांवर गेली, आणि टोकनं पोत्यांनी वितळवली गेली. जी राहिली ती लोकांच्या खिशातून घरी आलेली, काकांसारख्यांच्या डब्यांतली. त्यांच्यावर लिहिलेला 'एक डॉलर' हा त्या त्या कॅसिनोचा शब्द होता. कॅसिनो बंद पडला की तो शब्दही संपला. मागे उरतो धातू आणि तो कसा हाती आला याची गोष्ट. त्यातला धातू तरी आपण खरा सांगू शकतो.

तर हिशोब असा. ३७ पैकी ३३ टोकनं, २९ पांढरी आणि चार पितळी रंगाची, चांदी एकातही नाही. दोन आयझेनहॉवर डॉलर, दोन्ही वापरातले, चांदीविना. एक सिल्व्हर स्ट्राइक. आणि उरलेलं एक, सगळ्यात काळवंडलेलं, जे आत्याने घासायला घेतलं नाही हे आमचं नशीब. तोललं तर २६.६०, पाण्यात २.५८. घनता १०.३१! चुंबक त्यावरून आळसावल्यासारखा खाली आला. १९२२ चा पीस डॉलर. टोकन नव्हेच ते. ज्या नाण्याच्या जागी ही टोकनं आली ते नाणं. कुठल्या तरी फेरीत काकांनी ते मुद्दाम मिळवून ठेवलं असणार.

आत्याला सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. वही उघडून एकेक ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "म्हणजे हे खोटं बोलले?"

मी तो काळा डॉलर तिच्या हातावर ठेवला. "नाही गं आत्या. काकांनी चांदीचा डॉलर म्हटलं असेल ते याच्याबद्दल. बाकीच्यांना आपणच चांदी केलं."

तिने तो उलटा-पालटा करून बघितला. म्हणाली, "मग हा नाही वाटायचा. हा माझ्याकडे राहू दे." स्ट्राइकही तिने स्वतःकडेच ठेवलं. बाकीची ३५ नातवंडांना मिळाली, प्रत्येकाबरोबर माझ्या वहीतली ओळ कागदावर उतरवून. धाकट्याच्या वाट्याला कानस लागलेलं टोकन गेलं. त्याने खाच कसली म्हणून विचारलं, तेव्हा ती माझी चूक आहे हेही कागदावर लिहून दिलं.